लहान कॅमेऱ्याचे पुनरागमन

एखादी वस्तू बाजारातून नाहीशी झाली म्हणजे तिच्याविषयी हळहळणारे पुष्कळ भेटतात. परंतु नाहीशी झालेली वस्तू काही वर्षांनी पुन्हा दुकानाच्या काचेआड दिसू लागावी, तीही पूर्वीच्या कितीतरी पट किमतीला, आणि ती घेण्यासाठी तरुण मुलांनी महिनोन्‌महिने वाट पाहावी, असे क्वचितच घडते. खिशात मावणाऱ्या लहान डिजिटल कॅमेऱ्याच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत नेमके हेच घडले आहे. पंधरा वर्षांपूर्वी हा कॅमेरा मध्यमवर्गीय घरांतून सर्रास दिसे. सहल असो, साखरपुडा असो की शाळेचे स्नेहसंमेलन असो, कोणाच्या तरी मनगटाला त्याची दोरी अडकवलेली असायचीच. पुढे मोबाइल फोनमध्येच कॅमेरा आला, तो वर्षागणिक सुधारत गेला, आणि लहान कॅमेरा चार्जरच्या गुंतवळ्यासह कपाटाच्या मागच्या खणात जाऊन पडला. त्याची आठवण काढण्याचेही कोणाला कारण उरले नाही.

हा ऱ्हास केवढा मोठा होता हे आकड्यांवरून कळते. जपानमधील कॅमेरा-उत्पादकांच्या संघटनेच्या नोंदींनुसार २०१० साली १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. त्यांपैकी सुमारे १० कोटी ८० लाख कॅमेरे भिंग न बदलता येणारे, म्हणजे बहुतांशी हे लहान कॅमेरे होते. २०२३ साली ही संख्या सुमारे १७ लाखांवर आली. शंभरातले अठ्ठ्याण्णव गेले, दोन उरले. मात्र २०२४ साली ती थोडी वाढून १९ लाखांच्या जवळपास पोहोचली. वाढ लहान आहे; पण दीर्घकाळची उतरण थांबावी ही गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये फुजीफिल्म कंपनीने 'एक्स-१०० सिक्स' हा कॅमेरा जाहीर केला, तेव्हा मागणी पुरी करता करता कंपनीच्या नाकी नऊ आले. २०२५ मध्ये कॅननने 'पॉवरशॉट व्ही वन' आणि रिकोहने 'जीआर फोर' बाजारात आणला. म्हणजे ज्या धंद्याची उत्तरक्रिया झाली असे आपण समजत होतो, त्यात पुन्हा भांडवल ओतले जात आहे.

हे सारे वाचून माझी पहिली प्रतिक्रिया कुत्सितच होती. जुन्या तबकड्या, जुनी घड्याळे, जुने पेन यांच्याप्रमाणे हाही एक शौक असेल, पैसेवाल्या तरुणांचा चार दिवसांचा छंद असेल, असे मी म्हणत होतो. योगायोगाने माझ्या भाच्याने असा एक कॅमेरा घेतला आणि परगावी जाताना "मामा, पंधरा दिवस वापरून पाहा, फक्त धुळीला जपा," असे सांगून तो माझ्या हाती ठेवला. त्या पंधरा दिवसांनी माझे मत पुष्कळसे बदलले. पूर्णपणे बदलले असे मात्र नाही. आणि या दोन्ही गोष्टींची कारणे सांगावीत म्हणून हा लेख.

पंधरा दिवसांचा अनुभव

कॅमेरा चष्म्याच्या घरापेक्षा फारसा मोठा नव्हता आणि वजनाला सुमारे पाव किलो होता. त्याला एकच पक्के भिंग होते. दूरचे जवळ आणण्याची सोय, ज्याला सर्वजण झूम म्हणतात, ती त्यात नव्हती. तो घंटी वाजवत नव्हता, निरोप दाखवत नव्हता, बातम्या देत नव्हता. फोनवर चित्र काढायला जावे आणि मध्येच बँकेचा संदेश वाचत बसावे, हा रोजचा प्रकार येथे संभवतच नव्हता. पहिली जाणीव झाली ती या शांततेची. एकच काम करणारी वस्तू हातात असली की मनही त्या एका कामाकडे लागते, ही साधी गोष्ट आपण किती विसरलो आहोत हे तेव्हा ध्यानात आले.

पहिल्या दिवसाचे फळ मात्र निराशाजनक होते. सकाळी मंडईत गेलो आणि चाळीसएक चित्रे काढली. घरी येऊन पाहतो तो निम्मी हललेली, काहींत पाठीमागचे ऊन लख्ख आणि समोरचा चेहरा काळवंडलेला. फोनवर माझ्या हातून अशा चुका कधी होत नाहीत. अर्थात त्याचे कारण माझे कौशल्य नसून फोनची हुशारी आहे, हेही त्याच वेळी कळले. फोन चुका परस्पर निस्तरतो, हा कॅमेरा त्या आपल्यापुढे मांडतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ऊन कोणत्या बाजूने येते आहे हे मी कळ दाबण्यापूर्वी पाहू लागलो. झूम नसल्यामुळे माणसाचे चित्र हवे असेल तर त्याच्याजवळ चालत जावे लागे, आणि जवळ गेल्यावर बोलावेही लागे.

त्या बोलण्याचाच एक प्रसंग सांगतो. पालेभाजी विकणाऱ्या एका बाईंनी कॅमेरा पाहिला आणि विचारले, "कशाला काढता? पेपरात देणार का?" मी म्हटले, "नाही, घरी ठेवायला." त्यावर त्यांनी पदर सावरला, जुड्या नीट मांडल्या आणि मग मानेनेच होकार दिला. याच मंडईत रोज शेकडो फोन उंचावले जातात, पण असा प्रश्न कोणी विचारत नाही. कारण समोरचा माणूस चित्र काढतो आहे की हिशेब पाहतो आहे हे कळायला मार्गच नसतो. कॅमेरा उघड असतो. ज्याचे चित्र निघणार त्याला नकार देण्याची संधी मिळते. ही सभ्यता यंत्राच्या आकारामुळे आपोआप पाळली जाते, हा त्याचा गुण मला महत्त्वाचा वाटतो.

त्याच आठवड्यात एका शाळेच्या कार्यक्रमास जाण्याचा योग आला. सभागृहात उजेड बेताचाच होता. व्यासपीठावर एक मुलगी भाषण करीत होती. मी तिचे एक चित्र कॅमेऱ्याने आणि एक फोनने काढले. तिथल्या तिथे पाहता फोनचे चित्र सरस वाटले: सगळे कसे स्वच्छ, उजळ, रेखीव. घरी येऊन दोन्ही चित्रे मोठी करून पाहिली तेव्हा मत फिरले. फोनच्या चित्रात संध्याकाळचे सभागृह भर दुपारसारखे झाले होते. मुलीच्या गालांवर पावडर थापल्यासारखी गुळगुळीत छटा आली होती आणि केसांच्या जागी रंगाचे फराटे होते. कॅमेऱ्याच्या चित्रात अंधार अंधाराच्या जागी होता, किंचित रवाळपणा होता, पण मुलीच्या कपाळावरचा घाम आणि तिने घट्ट मिटलेली मूठ दिसत होती. ती घाबरली होती आणि तरीही बोलत होती, हे त्या चित्रातून कळत होते.

परात आणि पाऊस

या फरकाचे कारण गूढ नाही. ज्या जागी पूर्वी फिल्म असे त्या जागी डिजिटल कॅमेऱ्यात सिलिकॉनची एक लहान चकती असते. तिला सेन्सर म्हणतात. भिंगातून येणारा प्रकाश तिच्यावर पडतो आणि त्याचे विद्युतभारात रूपांतर होते. या विद्येचा पाया घालणारा शोध बेल प्रयोगशाळेतील विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली लावला आणि त्यासाठी २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सेन्सरची तुलना अंगणात ठेवलेल्या भांड्याशी करता येईल. पाऊस सारखाच पडत असला तरी वाटीपेक्षा परातीत पाणी अधिक जमते. त्याचप्रमाणे सेन्सर जितका मोठा तितका प्रकाश अधिक जमतो, आणि अपुऱ्या उजेडातही चित्र निकोप येते.

पंधरा वर्षांपूर्वीच्या स्वस्त लहान कॅमेऱ्यातील सेन्सर साधारण सहा मिलिमीटर लांब आणि साडेचार मिलिमीटर रुंद, म्हणजे जेमतेम २८ चौरस मिलिमीटरचा असे. आजच्या महागड्या फोनमधील मुख्य सेन्सर सुमारे ७० चौरस मिलिमीटरपर्यंत वाढला आहे. जुना लहान कॅमेरा फोनपुढे का हरला याचे एक उत्तर यात आहे. मी वापरलेल्या कॅमेऱ्याच्या जातीचा सेन्सर मात्र सुमारे साडेतेवीस मिलिमीटर लांब आणि साडेपंधरा मिलिमीटर रुंद, म्हणजे ३६० चौरस मिलिमीटरहून मोठा असतो. फोनच्या पाचपट आणि जुन्या कॅमेऱ्याच्या तेरापट मोठी ही परात आहे. जाहिरातीत ज्यांचा उदोउदो होतो त्या मेगापिक्सेलना त्यामानाने फारसे महत्त्व नाही. सहा इंच लांब आणि चार इंच रुंद अशी उत्तम प्रत काढायची तर जेमतेम बावीस लाख पिक्सेल पुरतात. आज सामान्य फोनही त्याहून कितीतरी अधिक देतो. ग्राहकाने पिक्सेल मोजण्यापेक्षा परात मोजावी, हे बरे.

आता फोनची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. परात लहान असल्याची उणीव फोनने गणिताने भरून काढली आहे. आपण एकदा कळ दाबतो, परंतु फोन तेवढ्या क्षणात अनेक चित्रे टिपतो, त्यांची जुळणी करतो, काळोखे भाग उजळतो, भडक भाग उतरवतो आणि एक तयार चित्र आपल्या हाती देतो. हे काम विलक्षण बुद्धिमत्तेचे आहे आणि त्यामुळे ज्याला छायाचित्रणाचे ओ की ठो कळत नाही त्याच्याही हातून बरे चित्र निघते. खेड्यातील आजीला परगावच्या नातवाचे तोंड दिसते ते या गणितामुळे. त्याला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल.

प्रश्न निर्माण होतो तो या गणिताने सुधारणेची मर्यादा ओलांडली म्हणजे. २०२३ साली एका नामांकित कंपनीच्या फोनबाबत एका जिज्ञासूने मुद्दाम अस्पष्ट केलेले चंद्राचे चित्र पडद्यावर ठेवून त्याचा फोटो काढला. मूळ चित्रात नसलेले बारकावे फोनने आपल्या पदरचे भरून दाखविले. चंद्राच्या बाबतीत हे हसण्यावारी नेता येईल. परंतु भाषण करणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावरची भीती पुसून तिथे गुळगुळीतपणा आला, तर त्याला सुधारणा म्हणावे की बदल? आणि हा बदल कोणाच्या आवडीप्रमाणे झाला? माझ्या खासच नव्हे. दूरच्या कुठल्या कचेरीत बसलेल्या मंडळींनी चेहरा कसा असावा, आकाश किती निळे असावे हे ठरविले आणि ते माझ्या घरातील चित्रांत येऊन बसले.

लहान कॅमेरा या बाबतीत सोवळा आहे असे मात्र कोणी समजू नये. कोडॅकमधील ब्राइस बेयर यांनी शोधलेल्या आणि १९७६ साली पेटंट मिळालेल्या रंगीत जाळीचा उपयोग जवळजवळ सर्व डिजिटल कॅमेरे करतात. त्या पद्धतीत सेन्सरचा प्रत्येक बिंदू तांबडा, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने काढले जातात. म्हणजे चित्रातील दोनतृतीयांश रंग मुळातच हिशेबाने आलेले असतात. तेव्हा एक खरे आणि दुसरे खोटे, अशी सरळ वाटणी करता येणार नाही. फरक प्रमाणाचा आहे आणि अधिकाराचा आहे. कॅमेऱ्यात उजेड किती घ्यायचा, रंग किती ठेवायचे, अंधार ठेवायचा की घालवायचा, हे ठरविण्याच्या चाव्या माझ्या बोटांखाली असतात. चूक झाली तर ती माझी असते. निर्णयाचा हा अधिकार वापरणाऱ्याकडे परत येतो, हेच मला या नव्या लहान कॅमेऱ्याचे खरे वैशिष्ट्य वाटते.

बारा चित्रांचा रोल

हा अधिकार आपल्याकडून कसा गेला हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातील आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. त्या काळी चित्र काढणे म्हणजे रसायने कालवणे, काचा धुणे आणि अंधाऱ्या खोलीत तासन्‌तास उभे राहणे. १८८८ साली जॉर्ज ईस्टमन यांनी पंचवीस डॉलर किमतीचा पहिला कोडॅक कॅमेरा काढला. त्यात शंभर चित्रांची फिल्म भरलेली असे. ती संपली की अख्खा कॅमेराच कारखान्याकडे पाठवायचा आणि चित्रे तयार होऊन यायची. गिऱ्हाइकाने कळ तेवढी दाबावी, पुढचे कंपनी पाहील, अशी त्याची जाहिरात होती. आजचा फोन हे त्याच आश्वासनाचे टोक आहे. कळ दाबण्याचे कष्टही आता थोडेच उरले आहेत.

तथापि फिल्मच्या काळात एक गोष्ट कंपनी करू शकत नव्हती: कोणते चित्र काढायचे ही निवड. आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकांत घरोघरी पोहोचलेल्या 'आग्फा क्लिक थ्री' या कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच चित्रे निघत. रोलला पैसे, धुण्याला पैसे, प्रतीला पैसे. त्यामुळे महाबळेश्वरची सहल बारा चित्रांत आणि मुंजीचा समारंभ एका रोलमध्ये बसवावा लागे. अकरा चित्रे निघाल्यावर बारावे कशाचे काढायचे यावर घरात चर्चा होत असे. ही काटकसर आपण हौसेने पत्करलेली नव्हती, परिस्थितीने लादलेली होती. तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. अनेकांच्या लहानपणाचे एकही चित्र नाही, ते याच काटकसरीमुळे. परंतु जी चित्रे निघाली त्यांपैकी प्रत्येक कोणीतरी विचार करून काढलेले होते, हेही खरे.

कोडॅकमधीलच स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो होते, चित्र कृष्णधवल आणि केवळ दहा हजार बिंदूंचे होते, आणि ते कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद लागत. त्या यंत्राच्या वंशजांनी फिल्मची गरजच संपविली आणि फिल्मवर साम्राज्य उभारणाऱ्या कोडॅकला जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. चित्राला लागणारा खर्च शून्यावर आला आणि खर्चाबरोबर निवडीचे कारणही गेले. आता टंचाईच विकत घेण्याची वेळ आली आहे. फुजीफिल्मने २०२५ मध्ये 'एक्स हाफ' नावाचा एक लहान कॅमेरा काढला. त्यात अशी एक सोय आहे की ३६, ५४ किंवा ७२ चित्रांचा काल्पनिक रोल ठरवून घ्यायचा, आणि तो संपेपर्यंत काढलेले एकही चित्र पाहायला मिळणार नाही. शंभर वर्षे खपून ज्या अडचणी दूर केल्या त्याच आता सोयी म्हणून विकल्या जात आहेत! याला हसावे हे खरे. परंतु लोक ती घेत असतील तर त्यांना कशाची तरी उणीव भासते आहे, हेही मान्य केले पाहिजे.

ती उणीव काय आहे, हे मला एका घरगुती प्रसंगाने कळले. २०२२ साली माझी आई वारली. तेराव्याच्या आधी तसबिरीसाठी तिचे एक चित्र हवे होते. आम्हा भावंडांच्या चार फोनांत मिळून हजारो चित्रे होती. त्यांत आईही शेकडो ठिकाणी होती. पण कुठे ती कोपऱ्यात अर्धी आली होती, कुठे वाढदिवसाच्या केकमागे दबली होती, कुठे नातवाने हात लांब करून काढलेल्या चित्रात कसनुसे हसत होती. माझ्या एका जुन्या फोनबरोबर दोन वर्षांची चित्रे आधीच गेलेली होती. शेवटी जे चित्र तसबिरीत बसले ते २०१० साली माझ्या पत्नीने एका साध्या, स्वस्त लहान कॅमेऱ्याने काढलेले होते. आई खिडकीपाशी बसून सुपात तांदूळ निवडते आहे आणि हाक मारल्यावर तिने मान वर केली आहे. तांत्रिकदृष्ट्या ते चित्र सामान्यच आहे. परंतु ती तिच्यासारखी दिसते. ते टिकले याचे कारण एवढेच की त्या वर्षीच्या चित्रांतून पत्नीने दहा-पंधरा निवडून त्यांच्या प्रती काढून आणल्या होत्या. बाकीची ज्या संगणकात होती तो पुढे बंद पडला.

आक्षेप आणि उपाय

म्हणजे सर्वांनी नवा लहान कॅमेरा घ्यावा काय? माझे उत्तर नाही असे आहे. आज मोठ्या सेन्सरच्या चांगल्या कॅमेऱ्याची किंमत लाखाच्या घरात किंवा त्याच्याही पुढे जाते. ज्या शिक्षकाला किंवा लिपिकाला मुलांच्या शिक्षणाची तरतूद करायची आहे, त्याने हौसेसाठी एवढी रक्कम घालावी असे सुचविणे बेजबाबदारपणाचे ठरेल. एकेकाळी हा कॅमेरा सामान्यांचा होता. परत येताना तो श्रीमंतांच्या दारी उतरला आहे, ही त्याच्या पुनरागमनातील मोठी खोट आहे. शिवाय त्याच्या मर्यादाही आहेत. बॅटरी दिवसभर पुरेलच असे नाही. पावसाळी आणि धुळीच्या आपल्या हवेत त्याला जपावे लागते. भिंग पक्के जोडलेले असल्याने आत शिरलेली धूळ घरी साफ करता येत नाही. काढलेले चित्र चटकन कोणाला पाठवायचे तर मध्ये फोन लागतोच. भाच्याने धुळीची ताकीद का दिली होती ते मला दुसऱ्याच दिवशी उमगले.

दुसरा आक्षेप असा की निवड करायला फोन कोठे आडवा येतो? फोनवरही विचारपूर्वक चित्र काढता येते. हा आक्षेप योग्य आहे आणि मी तो मान्य करतो. कॅमेरा कोणाला विचार करायला शिकवीत नाही. भाच्याच्या कॅमेऱ्यातील कार्डावरही मला आठशे चित्रे दिसली आणि त्यांतली बहुतेक त्याने पुन्हा पाहिलेली नव्हती. वेगळे यंत्र फार तर निवडीला जागा करून देते. ती करायची की नाही हे आपल्याच हाती असते, आणि म्हणूनच ती कॅमेऱ्यावाचूनही करता येते.

तेव्हा ज्यांना घेणे परवडेल आणि ज्यांना खरी आवड आहे त्यांनी कॅमेरा अवश्य घ्यावा. घेताना जाहिरातीतील आकडे न पाहता सेन्सरचा आकार, हातातील पकड आणि दुरुस्तीची सोय पाहावी. इतरांनी आधी कपाटाचा मागचा खण उघडावा. तिथला जुना कॅमेरा पुष्कळदा चालू निघतो. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र ती वापरू नये, बदलावी. त्याच्या कार्डावर विसरलेली चित्रे असण्याचाही संभव आहे. चांगल्या उजेडात हा जुना कॅमेरा आजही रोजच्या चित्रांना पुरेसा आहे, आणि घरातील दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाती देण्यास फोनपेक्षा केव्हाही बरा.

शाळांनीही याचा विचार करावा. आज शाळेतील प्रत्येक कार्यक्रमाची शेकडो चित्रे निघतात, शिक्षकांच्या गटात फिरतात आणि फोन भरला की पुसली जातात. तीस वर्षांपूर्वीच्या तुकडीचे गटचित्र कार्यालयाच्या भिंतीवर टांगलेले सापडते. पाच वर्षांपूर्वीच्या तुकडीचे सापडेलच अशी खात्री देता येत नाही. वर्षाला पन्नास चित्रे निवडून, त्यांच्या प्रती काढून, पाठीमागे तारीख आणि मुलांची नावे लिहून एक अल्बम ठेवणे कोणत्याही शाळेला अवघड नाही. हे काम विद्यार्थ्यांकडेच सोपवावे. शंभरातून पाच चित्रे निवडताना आणि उरलेली का सोडली हे सांगताना त्यांचे जे शिक्षण होईल ते कोणत्याही पाठाइतके मोलाचे ठरेल. घरासाठी तर महिन्याला बारा चित्रांचा नेम पुरेसा आहे; एका रोलमध्ये मावत तेवढीच. सहा-चारच्या बारा प्रतींना आजही फार खर्च येत नाही.

भाचा परतला तेव्हा मी त्याचा कॅमेरा पुसून त्याला परत दिला. पंधरा दिवसांत मी तीनशेच्या वर चित्रे काढली होती. त्यांतली बारा निवडायला मला दोन संध्याकाळी लागल्या, आणि ते काम कॅमेरा वापरण्यापेक्षा कठीण गेले. भाषण करणाऱ्या मुलीची प्रत तिच्या वर्गशिक्षकांकडे दिली. एक प्रत घेऊन मंडईत गेलो. भाजीवाल्या बाईंनी ती न्याहाळून पाहिली, जुड्या छान दिसतात म्हणाल्या, आणि मग ती परत माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "मागे तारीख घाला." माझ्याजवळ पेन नव्हते. शेजारच्या दुकानातून मागून आणले आणि तारीख घातली. नवा कॅमेरा घ्यायचा की नाही याचा निर्णय मी अजून केलेला नाही. तारीख घालण्याचे काम मात्र घरातल्या जुन्या पाकिटांपासून सुरू केले आहे.